कृष्णाबाईंचे हात

रेवसजवळच्या त्या घरात जेवताना धर्माजी "पुरे" म्हणत नसत. ते दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करत आणि कृष्णाबाई भात वाढायच्या थांबत. मुंबईच्या विमानतळावर धर्माजींनी वर्षानुवर्षं हाताच्या खुणा करून विमानं जागेवर आणून लावली होती. ठेकेदार कंपनीने कानांवर लावायला काही दिलं नाही. इंजिनांच्या आवाजात कान गेले आणि खुणा तेवढ्या घरी आल्या. त्यांत घरातल्यांनी आपल्या चार मिसळल्या आणि आता अख्खी आळी त्याच बोलत होती.

भरपाईसाठी धर्माजींनी एका वकीलबाईंमार्फत अलिबागच्या कोर्टात दावा लावला होता. कंपनी म्हणे, म्हाताऱ्याला छान ऐकू येतं. ते पाहायला कंपनीचा अधिकारी कुलदीप गाडी घेऊन आला.

"ऐकू येत नसेल तर तडजोड करू, येत असेल तर कोर्टात लढू," त्याने दारातच सुनेला, नूतनला, सांगून टाकलं.

तो धर्माजींसमोर बसला. कृष्णाबाई त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कुलदीपने तोंडावर रुमाल धरला आणि हळूच विचारलं, "काका, जेवलात का?"

कृष्णाबाईंचा हात सवयीने तोंडाकडे गेला.

"व्हय, आताच. बोंबील व्हते," धर्माजी म्हणाले.

"झोप लागते?"

कृष्णाबाईंचा तळवा गालाखाली गेला, मान कलली.

"लागते की. घोरतो म्हणते ही. मला कुठं ऐकू येतंय?"

कुलदीपचा चेहरा खुलला.  नूतन मागून गेली आणि तिने सासूबाईंचे दोन्ही हात त्यांच्या पाठीशी घट्ट धरले.

"आई, हात आवरा."

"मी काय केलं गं?"

"आणि काका, चहा घेता का?" कुलदीपने विचारलं. गाडी बघायला आलेला शेजारचा बुधाजी कृष्णाबाईंमागच्या खिडकीत उभा होता. वहिनींचे हात अडकलेले पाहून त्याने आपणहून बशी ओठांना लावून फुरका मारून दाखवला.

"घेतो, पण बिनसाखरेचा," धर्माजी म्हणाले.

कुलदीप उठला. "भेटू कोर्टात."

"अहो साहेब, आई मागून खुणा करत होत्या," नूतन म्हणाली.

कुलदीपने वळून पाहिलं. कृष्णाबाई शाळेतल्या मुलीसारख्या हात मागे बांधून उभ्या होत्या. खिडकी रिकामी होती.

"दिसतंय," तो म्हणाला.

विहीर आणि बुधाजीची उपडी होडी यांच्यामधून गाडी काढायची होती. धर्माजी जुन्या सवयीने तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हातांनी बोलावू लागले. कुलदीपने वैतागून हॉर्न दाबला. तो दबला तो दबलाच. कोंबड्या छपरावर गेल्या, कुत्री खाडीकडे पळाली. आळीने कानांवर हात ठेवले. धर्माजी मात्र बॉनेटपासून वीतभर अंतरावर, शांतपणे एकेक पाऊल मागे जात गाडी पुढे घेत होते. मग त्यांनी डोक्यावर फुली केली.

गाडी थांबली. ते खिडकीशी आले.

"साहेब, होडीला आरसा लागंल. जरा इकडं घ्या." कुलदीप कानांत बोटं घालून काहीतरी पुटपुटला. धर्माजींनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात कानांवर होते.

"काय म्हणतात गं हे?"

कृष्णाबाईंनी हात काढलेच नाहीत. कुलदीप त्या दोघांकडे पाहतच राहिला.

शेवटी बुधाजीने बॉनेट उघडून वायर ओढली. कुलदीप डोकं धरून खाली उतरला.

"पाणी देऊ?" नूतनने विचारलं.

"काय?"

कृष्णाबाईंनी पेला ओठांना लावल्याची खूण केली. कुलदीपने मान डोलावली. पाणी पिऊन तो गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने म्हणाला, "तुमच्या वकीलबाईंना सांगा, तडजोडीचं बोलायला येतो."

वाक्य संपायच्या आत कृष्णाबाईंचे हात ते धर्माजींना सांगून मोकळे झाले होते. या वेळी कुलदीप ते हातच बघत होता.