कारल्याचा त्याग

गोदामाईस वंदन करून, पितृपक्षाच्या निमित्ताने, आमचे नाशिक रोडचे शेजारी दगूनाना यांच्याविषयी लिहीत आहे.

नानांची जीप कोठेही जात नसे. मनमाडला आयुष्यभर रेल्वेचे डिझेल इंजिन चालवून निवृत्त झालेले नाना रोज सकाळी अंगणातली ती जुनी जीप सुरू करीत, आत बसत आणि तळहातावर तंबाखू मळत. माझा प्राणायाम आणि त्यांचा धूर यांची वेळ एकच. मी खोकलो की ते हसत, "गुरुजी, तुमचा होम तुपाचा, आमचा डिझेलचा. देव दोन्हीकडं हाय!"

आत त्यांच्या पत्नी सिंधूताई दम्याने उशीला टेकून बसलेल्या असत. धूर थांबला नाही तर ही छाती फार काळ साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

"ओ, बंद करा ना ते," ताई आतून म्हणत.

"उद्यापासून!"

तो उद्या मी काही पाहिला नाही.

अखेर ताईंनी त्यांना माझ्याबरोबर रामकुंडावर धाडले. तीर्थावर आवडती वस्तू सोडण्याची आपली रीत आहे. मी त्यांच्या ओंजळीत पाणी घातले. "नाना, काय सोडता?"

नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कारलं."

"तुम्ही कारले खाता तरी कधी?"

"नाय. पण सोडायचं तर कडकच सोडावं!"

घरी परतल्यावर हे ऐकून ताई खूप हसल्या. हसताना खोकला लागला, तो थांबता थांबेना.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या.

दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडला. कावळा शिवेना, नुसता भिंतीवर बसून राहिला. मेव्हणे कानाशी लागले, "दाजी, काहीतरी कबूल करा."

नानांनी हात जोडले. "तंबाखू सोडली, सिंधू." कावळा हलला नाही. "जीप भंगारात देतो." तरीही नाही.

शास्त्राप्रमाणे मी दर्भाचा कावळा वळू लागलो, तेव्हा नानांनी माझा हात धरला. "राहू द्या गुरुजी. गवताच्या कावळ्याला ती फसायची नाय." मग पिंडाकडे वळून हळूच म्हणाले, "नाय सुटत गं मला. तू होतीस तवा नाय सुटलं."

ऊन चढले, तरी कावळा भिंतीवरच. मंडळी उठली. नाना पायरीवरच बसले होते.

"नाना, चला आता."

"तुम्ही व्हा पुढं. तिला दोन पावलांवर दम लागतो. येईल सावकाश."

मी दर्भ खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसलो.

वाचकहो, आपल्या घरात कोणाचाही श्वास अडू नये. आणि जे सोडायचे ते सोडण्याचे बळ परमेश्वर आपणांस वेळेवर देवो.