खिडकीकडे पाठ

गंगाधरकाकांना भूक लागली की ते सरळ जेवायला मागत नसत. भिंतीकडे तोंड करून म्हणत, "लक्ष द्या. चुलीवरून सुटणारी भाकरी अर्धा तास उशिरा धावायलीय. प्रवासी खोळंबून हाय." आतून सरूकाकू म्हणत, "प्रवाशानं उठून ताट-पाणी घ्यावं."

काका आमचे शेजारी. निलंग्याच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. तिथल्या खोलीत त्यांची खुर्ची कायम चौकशीच्या खिडकीकडे पाठ करून असे. मागून कुणी विचारलं, "साहेब, लातूर गाडी कधी?" तर काका वळत नसत, उत्तर माईकवरच देत. त्या माणसाला लातूरला जायचंय हे साऱ्या स्टँडला कळे. कारण विचारलं तर म्हणत, "माणसं बघितली की गाड्या इसरतात." लोक त्यांना खडूस म्हणत. मीही म्हणे.

मी तेव्हा सहावीत होते. हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज माझ्याच दप्तराच्या पुढे जात नसे. बाई गैरहजेरी मांडत आणि मी समोर बसून ते बघे. शेवटी घरी चिठ्ठी आली, मुलगी पंधरा दिवस शाळेत नाही. वडिलांनी चांगलं झापलं, तेव्हाही मला "मी रोज जात होते" एवढं म्हणता आलं नाही. ते भिंतीपलीकडे काकांनी ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला स्टँडवर नेलं आणि माईकपुढे बसवलं.

"भिंतीकडं बघ. भिंत कुणाला हसत न्हाई. म्हण, लातूर गाडी फलाट दोन."

मी म्हटलं, पण घाबरून 'फलाट पाच' म्हटलं. पाचवर उदगीरची गाडी होती. सारी गर्दी पिशव्या आणि लेकरं सावरत तिकडे धावली. जागा धरायला खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एक छत्री आत पडली. दोनवर लातूरची गाडी रिकामी, आणि तिचा कंडक्टर कपाळाला हात लावून उभा. मला रडू फुटलं.

काकांनी माईक ओढून घेतला. "लातूरच्या प्रवाशांनी आपापले रुमाल घेऊन दोनवर यावं." मग मला म्हणाले, "बघ, तुझ्या एका शब्दावर सारं स्टँड पळालं. आन् तुला वाटतं, आवाज न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी असं 'हजर' म्हटलं की बाईंचं पेन थांबलं. आज मी लातूरच्या कोर्टात वकिली करते आणि समोरचे वकील म्हणतात, बाई, जरा हळू. हे सगळं काकांमुळे. ते त्यांना कधी नीट सांगितलं नाही, याची खंत होती.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. स्टँडवरच मंडप घातला होता. शाल-नारळ झालं आणि कुणीतरी त्यांच्या हातात माईक दिला, "दोन शब्द बोला." काका लोकांकडे बघत उभे राहिले. शब्द फुटेना. मागे कुणीतरी हसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका खडूस कधीच नव्हते. ते जन्मभर माझ्यासारखेच होते. त्या भीतीतून सोडवलं मात्र त्यांनी मला.

मी स्टेजवर गेले आणि त्यांची खुर्ची मागच्या पडद्याकडे फिरवली. "बसा काका. पडदा हसत न्हाई."

काका बसले, खाकरले. "लक्ष द्या. मी लहानपणापासून माणसाला लई भ्यालो. तरी माझ्या शब्दावर तुम्ही गाडीत बसत गेलात. तुमचे उपकार हायत."

मंडपात कुणी हललं नाही. ती शांतता काकांना सोसेना. माईक बंद करायचं विसरून त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, लोक हायत का गेले?"

"हायत काका," मी म्हटलं, "सगळे हजर हायत."