शंभरातले साठ

परीक्षा मंडळाच्या निकाल विभागप्रमुखांना सगळे ‘निकालसाहेब’ म्हणत. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि निकाल राखीव, यापलीकडे मनुष्यप्राण्याची चौथी अवस्था त्यांना मान्य नव्हती. त्यामुळे मांडीत लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा तिचा निकाल त्यांनी स्वतःच लावला : खुर्चीत बसून साठलेली चरबी. गाठ मोसंब्याएवढी होईपर्यंत हा निकाल कायम होता.

गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टरबाईंनी तो निकाल फिरवला.

“हा सार्कोमा. स्नायू, चरबी अशा मऊ भागांतला कॅन्सर. अजून फुप्फुसात गेलेला नाही. आधी केमो, मग ऑपरेशन.”

“उत्तीर्ण होण्याचं प्रमाण?”

“अशा शंभरातले साधारण साठ जण पाच वर्षांनी असतात.”

“मी साठांत की चाळिसांत?”

“मी शंभरांचं सांगितलं. तुमचं मला माहीत नाही.”

साहेब हादरले ते आजाराने नव्हे. एवढं मोठं रुग्णालय, आणि बैठक क्रमांकानुसार माहिती उपलब्ध नाही!

केमो सुरू झाली. ओकाऱ्यांनी आतडी पिळवटली, तोंड आलं, केस उशीवर राहू लागले. तशातही साहेबांचा एक डोळा शेजारच्या खाटांवर होता.

“माझ्या भुवयासुद्धा गेल्या,” ते बायकोला ऐटीत म्हणाले. “म्हणजे औषध मला जास्त लागू पडतंय.”

“अहो, इथं पहिला नंबर काढत नाहीत,” म्हणत तिने ओकारीचं भांडं पुढे केलं.

मग स्कॅन झाला. गाठ होती तेवढीच.

“स्थिर,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“एवढे कष्ट घेऊन फक्त स्थिर?” साहेब उखडले.

“कधी कधी या गाठी आतून मरतात आणि आकार तोच राहतो. काढल्यावर कळेल.”

ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीतल्या बहुतेक पेशी मेलेल्या निघाल्या. साहेबांची छाती फुगली. “विशेष प्रावीण्य! म्हणजे मी पास?”

“चिन्हं चांगली आहेत. पण ती परतही येऊ शकते. दर तीन महिन्यांनी छातीचा स्कॅन करायचा.”

“आणि निकाल?”

“राखीव समजा.”

हे वाक्य साहेबांनी हजारो मुलांना ऐकवलं होतं, तेही चहा पीत. लिफ्टमध्ये ते हमसून रडले. बायकोने हात धरला. तळमजला आला, लोक आत शिरले, तरी सोडला नाही.

पुढे कुबडी घेऊन साहेब कचेरीत रुजू झाले. उपप्रमुख लगबगीने आले, आवाज खाली आणून म्हणाले, “किती टक्के सांगितलेत हो?”

“साठ.”

“अरेरे!” उपप्रमुख हळहळले. नजर मात्र साहेबांच्या खुर्चीचं माप घेत होती.

“आणि तुम्हाला किती सांगितलेत?”

“मला? मला कोण कशाला सांगेल? मी ठणठणीत आहे.”

“असं कोण म्हणतं?”

टेबलाआड उपप्रमुखांनी हळूच आपली मांडी चाचपली.

हसलात ना? मग सांगा पाहू, तुमचा हात आत्ता कुठे आहे?