रोहण्याची चौकशी

“बिल्डिंग पाहून पोरगी धाडाची नाई,” कैलासनं ताटावरून उठता उठता जाहीर केलं. “मास्तर कसे आहेत, हेडमास्तरीन कशी आहे, ते पाहाचं. मंग अ‍ॅडमिशन.”

मयुरीला हे पटलं. सुरभीची आंजीतली शाळा दोघांनीही बिल्डिंग पाहूनच निवडली होती. रंग झकास होता, दारात प्लास्टिकचा हत्ती होता, आणि आत शिक्षक बदलत राहायचे. पोरीला बाईंचं नाव पाठ होईपर्यंत बाई निघून गेलेल्या असायच्या. मुख्याध्यापक संस्थाचालकाचे साळे होते आणि ते बहुतेक वेळ आपल्या गाडीत एसी लावून बसत. आता वर्ध्याच्या शाळेचं चाललं होतं. तिथं फसायचं नव्हतं.

“मंग जाऊन भेटा न त्यायले,” मयुरी म्हणाली. “समोरासमोर इचारा.”

“तोंडावर कोन खरं सांगते?”

कैलासचं कृषी केंद्र होतं. पाकिटावरचं चित्र पाहून त्यानं कधी बियाणं दुकानात ठेवलं नव्हतं. आधी कोणाच्या तरी वावरात जाऊन पीक उभं पाहायचा. हा शहाणपणा दुकानात ठीक होता. तो शाळेला लावायचा तर सल्ल्याला कोणीतरी बरा माणूस हवा होता. कैलासनं नेमकं तानबाजी मामांना विचारलं.

तानबाजी म्हणजे साऱ्या भाऊबंदकीचे चौकशी अधिकारी. त्यांनी गावात जाऊन पाहून आल्याशिवाय घराण्यात एकही सोयरीक जुळली नव्हती. पोरीची चाल, पोराचं व्यसन, काकानं कोणाच्या शेताचा धुरा कोरला, आजीचं सुनेशी कसं होतं, सगळं ते एका सकाळी काढून आणत. हल्ली मात्र पोरंपोरी मोबाईलवरच जुळवून मोकळी व्हायची आणि मामा नुसतेच बसून होते. कैलासची अडचण ऐकून त्यांच्या तोंडावर कळा आली.

“हेडमास्तरीन कोनत्या गावची?”

“रोहण्याची म्हनते. लक्ष्मणरावची पोरगी. आकांक्षा मॅडम.”

“मंग झालं! रविवारी रोहण्याले जाऊ. सोयरिकीत काय करतो आपन? पोरीच्या गावात इचारतो. तसंच.”

यात काही चुकतंय असं कैलासला वाटलं नाही, हे इथं नमूद करून ठेवायला हवं. उलट आपण इतर बापांपेक्षा चार पावलं पुढे आहोत अशीच त्याची समजूत झाली.

रविवारी मामांनी चौकशीचा ठेवणीतला पोशाख चढवला. पांढरं धोतर, कडक टोपी, खांद्यावर उपरणं. कैलासनंही इस्त्रीचा शर्ट घातला. मोटरसायकल रोहण्याच्या चौकातल्या पानठेल्यापुढे थांबली. मामांनी पान सांगितलं, ते लागेपर्यंत पावसापाण्याचं विचारलं आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “लक्ष्मणरावची पोरगी आकांक्षा. कशी आहे स्वभावानं?”

ठेलेवाल्या अंकुशचा चुन्याचा हात थांबला. त्यानं धोतर पाहिलं, टोपी पाहिली, मग कैलासचा इस्त्रीचा शर्ट पाहिला.

“सोनं आहे जी पोरगी,” तो म्हणाला.

“रागीट तं नाई?”

“नाई जी.”

“लहान लेकराईचा लळा आहे का तिले?” हे कैलासनं विचारलं. सुरभी हळवी होती.

“भल्ला लळा! गल्लीतले सारे पोट्टे तिच्याच मागं.”

“आधी दुसऱ्या शाळेत होती म्हनते. ते काऊन सोडली?”

“तथी पोरायले मारत. हे भांडली अन् राजीनामा देल्ला. तशी गरीब आहे, पन चुकीचं खपत नाई तिले.”

कैलास खूश झाला. याहून चांगला दाखला कुठल्या शाळेनं छापला असता? त्यानं आणखी विचारलं, सकाळी वेळेवर उठते का, बोलताना तोंड कसं, उद्या सोडून तं नाई जाईन. अंकुश प्रत्येक उत्तराबरोबर पोरीचा भाव वाढवत गेला. तेवढ्यात ठेल्यामागचा एक जण सायकल काढून गल्लीत पसार झाला. तो कुठं गेला हे कैलासला थोड्या वेळानं कळलं, कारण त्याच गल्लीतून खुद्द लक्ष्मणराव शर्टाच्या गुंड्या लावत लगबगीनं आले.

“राम राम! रस्त्यावर काऊन उभे पावने? घरी चाला. चहा घेतल्याशिवाय जाता येनार नाई.”

कैलास संकोचला. मामांनी मात्र उपरणं सावरलं. चौकशीला गेलं की घरी चहा होतोच; आयुष्यभर तसंच होत आलं होतं. आपण या वेळी कशाची चौकशी करतोय, हे पान तोंडात गेल्यापासून मामा पार विसरले होते.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. पंखा आतल्या खोलीतून बाहेर आणलेला होता. देवकाबाईंनी नवं लुगडं नेसलेलं होतं, आणि दारात शेजारच्या बायका उगाच काहीतरी मागायला आल्यासारख्या उभ्या होत्या. पोहे आले, वर शेव, बाजूला लिंबाची फोड. पालकांची एवढी सरबराई कैलासनं कुठं पाहिली नव्हती.

“दुकान आहे म्हनता,” लक्ष्मणराव म्हणाले. “अन् घरी कोन कोन?”

“पोरगी आहे एक, सहा वर्षाची. तिच्याचसाठी तं ही सारी धडपड.”

देवकाबाईंचा चेहरा जरा उतरला. दारातल्या बायकांत कुजबूज झाली आणि बिजवर आल्याची बातमी घेऊन त्या गल्लीत पांगल्या. मग देवकाबाईंनीच स्वतःला सावरलं. “असू द्या. लेकरू आहे, तं काय झालं? आमची आकांक्षा माया लावन. तिची माय कशानं गेली?”

“गेली नाई,” मामा पोह्यांचा घास गिळून म्हणाले. “घरीच आहे. चांगली धडधाकट आहे.”

लक्ष्मणरावांनी हातातली बशी खाली ठेवली.

“घरी आहे?” लक्ष्मणराव हळूहळू उभे राहिले. “बायको घरी आहे अन् तुमी अथी आले?”

“तिचंच तं म्हननं होतं,” कैलास घाईघाईनं म्हणाला, “का मानसं पाहून घ्या म्हनून!”

देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. लक्ष्मणरावांचा हात कोपऱ्यातल्या काठीकडे गेला की नुसताच भिंतीच्या आधाराकडे, ते कैलासला नंतरही ठरवता आलं नाही, कारण तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आली. सुती ड्रेस, ओले हात, कपाळावर आठी. शाळेच्या फ्लेक्सवर ती हसत होती, एवढाच फरक. कैलास ताट हातात घेऊनच ताडकन उभा राहिला.

“बाबा, थांबा,” ती म्हणाली. मग कैलासकडे वळली. “तुम्ही कोण? काम काय आहे?”

“मॅडम, सुरभीच्या अ‍ॅडमिशनसाठी... म्हनजे शाळा कशी आहे... म्हनजे तुमी कश्या आहा...”

एवढं बोलून होईपर्यंत त्यालाच सगळं कळलं. सतरंजी कळली, पंखा कळला, लुगडं कळलं. मामा टोपी काढून तिच्याकडे अशी पाहत बसले, जणू सगळी चूक टोपीचीच होती.

दारातल्या बायका केव्हाच पांगल्या होत्या, त्यामुळे हे सारं घरातल्यांनीच ऐकलं. लक्ष्मणराव खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. देवकाबाईंनी नुसतं विचारलं, “म्हनजे आमच्या पोरीले पाहाले नाई आले तुमी?”

त्यांनी पोह्यांची बशी उचलली आणि त्या आत गेल्या. कैलासला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोघं मान खाली घालून चौकातून निघाले तेव्हा ठेल्यावरची माणसं वळून वळून पाहत होती. मोटरसायकल एका किकमध्ये चालू झाली नाही, हेही त्याच दिवशी व्हायचं होतं.

घरी त्यानं “मॅडम चांगल्या आहेत म्हनते” एवढंच सांगितलं. पण मयुरीनं मामांना जेवायला वाढता वाढता सगळं काढून घेतलं. चौकशीत तीही कच्ची नव्हती.

“मास्तर पाहाले गेलते का बायको पाहाले?” तिनं विचारलं. आधी हसू आलं, मग देवकाबाईंचं ऐकून हसू गेलं. “त्या मायची काय दशा झाली असन हो!”

“आता अ‍ॅडमिशन गेली समज,” कैलास म्हणाला. सुरभी पुन्हा प्लास्टिकच्या हत्तीच्या शाळेत जाणार, तेही आपल्या शहाणपणापायी, या विचारानं त्यानं ताट बाजूला सारलं.

मुलाखतीच्या दिवशी तो शाळेत मयुरीच्या मागं मागं शिरला. आकांक्षा मॅडमनी त्याला ओळख दाखवली नाही. त्या सुरभीशी बोलल्या, तिच्याकडून गोष्ट ऐकली, मग मयुरीला म्हणाल्या, “आज वर्ग चालू आहेत. हव्या त्या वर्गात मागे जाऊन बसा. शिक्षक कसे शिकवतात ते पाहा. कोण किती वर्षांपासून आहे, ते त्यांनाच विचारा. माझ्याबद्दलही विचारा. पसंत पडलं तर या, आमच्याकडून प्रवेश पक्का.”

“असं पाहू देता तुमी?” मयुरीनं विचारलं.

“मागेल त्याला देतो. पण बहुतेक जण बाहेरच चौकशी करतात.”

कैलासनं टेबलाच्या कडेकडे पाहिलं. मयुरी सुरभीला घेऊन वर्गाकडे गेली आणि तो मागे राहिला.

“मॅडम, त्या दिवशीचं... माफ करा जी.”

“माझं काही नाही हो,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. “आईचं वाईट वाटतं. पाहुणे पोहे टाकून गेले एवढंच गावानं पाहिलं. खरं सांगावं तर हसं होईल, म्हणून ती गप्प बसली. आता गावभर झालंय, की बिजवरानंही पोरीला नाकारलं. आई दुकानातसुद्धा जात नाही.” मग लगेच म्हणाल्या, “प्रवेशाशी याचा काही संबंध नाही. जा, तुम्हीही वर्ग पाहून या.”

त्यानं वर्ग पाहिला. एका बाई भागाकार शिकवत होत्या आणि चुकलेल्या पोरालाच फळ्यापाशी बोलावून त्याच्याकडून चूक शोधून घेत होत्या. सुरभी मागच्या बाकावरून मान उंच करून पाहत होती. सगळं मनासारखं होतं, आणि कैलासला त्यातलं काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर सोडून तो एकटाच रोहण्याला गेला. ठेल्यावर बरीच गर्दी होती.

“काऊन जी?” अंकुशनं कोरडेपणानं विचारलं. “आता काय इचाराचं राह्यलं?”

“इचाराचं नाई, सांगाचं आहे.” कैलासनं आवाज चढवला. मागच्या माणसालाही ऐकू जायला हवं होतं. “मले नकार आला. त्यायच्याकडून. म्या लय समजावलं, पन पोरगी नाई म्हनाली.”

“तिनं नकार देल्ला?”

“हो. म्हने, मानूस बरोबरीचा नाई.”

ठेल्यावर एकदम जीव आला. “म्या म्हनलं होतं न!” एक म्हातारा म्हणाला. “आकांक्षा कुठी अन् हा कुठी!” सगळे हसले. कैलासनंही मान डोलावली. खोटं काय होतं त्यात? अंकुशला मात्र आता त्याची दया आली. त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून पुडी पुढे केली. “घ्या भाऊ, मन मोकळं होते.”

कैलासनं जन्मात खर्रा खाल्ला नव्हता. पण नकार आलेल्या माणसानं नाही म्हणायचं कसं? त्यानं चिमूटभर तोंडात टाकला. डोकं गरगरलं, नाकातून कानात जाळ गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अरे, रडून राह्यला बिचारा!”

“रडू नोका जी. होते असं.”

कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. कोणीतरी पाणी आणलं. ही बातमीही सायकलवरून गल्लीत गेली असणार, कारण थोड्या वेळानं देवकाबाई ठेल्यापाशी आल्या. डोक्यावर पदर, हातात किराण्याची पिशवी. साऱ्या चौकादेखत त्यांनी कैलासकडे पाहिलं. खरं काय ते त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं.

“भाऊ, मन लहान करू नोका,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “आमच्या पोरीनं नाई म्हनलं, तिचा नाइलाज होता. तुमच्या जोगीबी भेटन एखांदी.”

कैलासनं बाहीनं डोळे पुसले आणि मान खाली घालून म्हटलं, “हो माय.”

देवकाबाई पिशवी घेऊन चौकातून सरळ दुकानाकडे निघून गेल्या.