बोदवडपासून धरलेली जागा

रेल्वेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. मी जळगावच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. कोणती गाडी कुठे किती मिनिटं थांबते, कुठल्या फलाटावर डबा कुठे लागतो, हे मला वर्गातल्या मुलांच्या नावांपेक्षा चांगलं पाठ आहे. त्यामुळे माझ्या मुलीच्या फुटबॉल फायनलला नाशिकला जायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं की प्रवासाचं माझ्यावर सोपवा, तुम्ही फक्त डबे भरा.

बायको पुनम डबे भरता भरता म्हणाली, "मागच्या चार वेळा तुमच्यावरच सोपवलं होतं."

हे बोलणं मनाला लागलं, कारण खरं होतं. आमची मयुरी धुळ्याच्या कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघाची गोलकीपर आहे. आजवर तिचे चार महत्त्वाचे सामने झाले आणि चारही वेळा मी निघालो होतो. अकोल्याला निघालो तेव्हा गाडी साडेतीन तास लेट झाली. भुसावळच्या सामन्याला तर आम्ही गाडीत बसलो होतो, पण गाडी भादलीच्या सिग्नलला अशी उभी राहिली की खिडकीतून दिसणारी म्हैस दोनदा पाणी पिऊन आली. उरलेल्या दोन वेळा वेटिंगचं तिकीट वेटिंगच राहिलं. पहिल्या सामन्यानंतर मयू रुसली होती. दुसऱ्यानंतर चिडली होती. या वेळी ती फोनवर नुसतं म्हणाली, "जमलं तर या, पप्पा."

बापाला 'जमलं तर' असं म्हणायची पाळी मुलीवर यावी, याचं फार वाईट वाटलं. त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे, दुसरी भाकरी घेतली नाही.

अडचण अशी की सेमीफायनल जिंकली गुरुवारी आणि फायनल रविवारी दुपारी तीनला. तीन दिवसांत रिझर्वेशन कुठून मिळणार? तत्काळसाठी मी आणि माझा मित्र रोनक असे दोघं दोन मोबाइल घेऊन बसलो. रोनकचं कापडाचं दुकान आहे, पण जीव फुटबॉलमध्ये. पडद्यावरचं ते चक्र गरगर फिरत राहिलं आणि थांबलं तेव्हा आमच्या नावापुढे वेटिंग चौसष्ट असं आलं होतं. एका गाडीत जागा दिसत होती, पण तिचा दर बघून रोनकने हळूच विचारलं, की यात नाशिकला घर पण देतात का?

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. जनरलच्या डब्यात जळगावला चढणाऱ्याला जागा मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी वरून येते. बोदवडला ती दोन मिनिटं थांबते आणि तिथे जागा असते. आमच्याकडे ज्यांचे पाहुणे वरच्या स्टेशनावर आहेत त्यांची सोय यातूनच होते. पाहुणा आधी चढतो, जागा धरून बसतो, आपलं स्टेशन आलं की आपण चढायचं आणि त्याने उतरायचं. माझे सासरे शालिग्राम नाना मुक्ताईनगरजवळ केळी पिकवतात. त्यांना फोन केला. चार जागा धरायच्या, जळगावला उतरायचं, आमच्या घरी जेवून संध्याकाळच्या गाडीने परत.

नानांना फुटबॉलचा राग आहे. बाकी सगळ्या पोरी खेळतात आणि आमची नात दारात उभी राहते, हे त्यांना पटत नाही. पण जावयाने काम सांगितलं म्हटल्यावर ते एकदम ताठ झाले. "काळजी करू नका जवाई. तुमी येईलोक मी जागा सोडनार नाही." सोबत शेजारच्या लोटनआबांना घेतो म्हणाले.

नानांनी शब्द किती गंभीरपणे दिला होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी साडेआठची गाडी साडेदहाला आली. हे मी धरूनच चाललो होतो. फलाटावर मी, पुनम, रोनक आणि त्याची बायको हिना असे चौघं. सामान मात्र वरातीचं. डबे, पाण्याचे कॅन, मयूच्या नावाचं कापडी बॅनर, रोनकच्या दुकानातले पिवळे टी-शर्ट आणि एक ढोल. डबा बरोबर आमच्यासमोर थांबला. मी पुनमकडे विजयी नजरेने पाहिलं. खिडकीत नाना दिसले. चारही जागांवर त्यांनी केळीचा एकेक घड ठेवला होता. रुमाल टाकला तर कोणीही उचलून फेकतो. वीस किलोचा घड उचलून ठेवणार कुठे?

"सामान द्या अंदर," नाना खिडकीतून म्हणाले.

आम्ही सामान दिलं. डबे गेले, कॅन गेले, बॅनर गेलं, पुनमची पर्स गेली. आपत्कालीन खिडकीतून ढोलही गेला. आता आम्हीच तेवढे राहिलो होतो. दाराशी गेलो तर तिथे दार नव्हतं, माणसं होती. एकाचा पाय पायरीवर होता आणि तो पाय कोणाचा, यावरच वाद चालला होता. रोनकने मला मागून ढकललं. मी कमरेपर्यंत आत गेलो आणि आतून कोणीतरी मला तितक्याच प्रेमाने बाहेर पाठवलं. मी ओरडलो, की नाना, तुम्ही उतरा, म्हणजे जागा होईल. नानांनी उतरायला पाहिलं असेल, पण आतली गर्दीही तशीच होती. लोटनआबांची टोपी एकदा दाराजवळ दिसली आणि पुन्हा आत ओढली गेली.

गाडी सुटली. ज्यांना फुटबॉल आवडत नाही ते दोघं ढोल घेऊन फायनलला निघाले आणि फुटबॉलप्रेमी चौघं फलाटावर हात हलवत उभे राहिले.

पुनम रिकाम्या रुळांकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्याचा अर्थ काय असतो, ते बावीस वर्षांत मी शिकलोय. पुढची गाडी तीन तास लेट होती. रोनकने फोनाफोनी केली आणि धुळ्याला रिकामी परत चाललेली एक जीप मिळवली. ड्रायव्हर सुकदेव धुळ्याचा. पुढे नाशिकपर्यंत यायला तयार झाला. वेळेचं विचारलं तर रस्ता सगळा मोकळा असल्याची ग्वाही देत म्हणाला, "रस्ता बठ्ठा मोकया शे, भाऊ. कितलाक येळ लागी?"

एरंडोलजवळ नानांचा फोन आला. त्यांची गाडी पाचोऱ्याला पोचली होती. "जवाई, जागा शाबूत हाय. कोनाले बसू देलं नाही. तुमी अठी चढता का?"

मी सांगितलं, की नाना, आम्ही जीपमध्ये आहोत. घड उचला, लोकांना बसू द्या, तुम्ही तिथे उतरा. नाना म्हणाले, उतरायला पाय ठेवायला जागा नाही आणि बसू द्यायचं तर तुम्ही येईपर्यंत सोडणार नाही, असा शब्द दिला आहे. मागून चार-पाच जणांचा आवाज येत होता. त्यातला एक जण केळीच्या घडाला तिकीट आहे का, असं विचारत होता. पुढे कळलं, की तिकीट तपासनीस आलाच नव्हता. तोही जळगावला चढू शकला नव्हता.

चाळीसगावहून पुन्हा फोन. एक म्हातारी बाई उभी आहे, एका घडाच्या जागी तिला बसवू का? जावयाची परवानगी हवी होती. मी परवानगी दिली. दहा मिनिटांनी दुसऱ्या घडासाठी फोन आला. बाळंतीण होती. मी म्हटलं, नाना, सगळ्यांना बसवा हो. नानांना ते पटेना. "मंग तुमी कुठी बसाल?"

तेव्हा पुनमने माझ्या हातातून फोन घेतला. आवाज जरा ओला होता. "नाना, आता मधे कुठे उतरू नका. थेट नाशिकला जा. रिक्षा करा आणि मैदानावर जा. आपल्यातलं कोणीतरी तिचा खेळ बघू दे."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. पारोळ्याच्या पुढची कपाशी मी आयुष्यात इतक्या बारकाईने कधी पाहिली नव्हती.

धुळ्याला पोचलो तर सुकदेवने जीप हायवे सोडून गल्लीत घातली. त्याचं घर आलं होतं. गावातून जाणारा पाहुणा चहा न घेता गेला तर त्याच्या आईला चालत नाही, असं त्याने सांगितलं. आई दारातच उभी होती. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांनंतर शेव आली, शेवेनंतर सुकदेवच्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम आला. मी घड्याळ दाखवलं तर त्या माउलीने घड्याळ चांगलं आहे म्हणून कौतुक केलं. सुटलो तेव्हा एक वाजून गेला होता. मालेगावात ट्रक आडवा होता. चांदवडच्या घाटात सुकदेवने इंजिनाला विश्रांती दिली. तीन वाजले तेव्हा आम्ही नाशिकच्या पाट्या वाचत होतो आणि नाना फोन उचलत नव्हते.

मैदानावर पोचलो तेव्हा पावणेपाचला तीन मिनिटं कमी होती. मी जीप थांबायच्या आत उडी मारली आणि जाळीच्या कुंपणाला जाऊन भिडलो. फळ्यावर आमच्या पोरींचा एक गोल होता, समोरच्यांचा शून्य. आणि पलीकडच्या गोलमध्ये, हिरव्या शर्टात, मयू.

तिच्या मागे, जिथे कोणालाही बसू देत नाहीत तिथे, नाना आणि लोटनआबा ढोलावर आणि डब्यांवर बसले होते. धोतरावर पिवळे टी-शर्ट. बाजूला केळीच्या घडांचे नुसते दांडे उरले होते. मध्यंतराला दोन्ही संघांनी आणि पंचांनी केळी खाल्ली होती, म्हणून त्यांना कोणी उठवलं नव्हतं.

चार मिनिटं खेळ झाला आणि शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. रोनक नाचला, हिनाने पुनमला मिठी मारली. मी कुंपणाला वळसा घालून धावत गेलो. मयू घामाने निथळत होती आणि तोंडभर हसत होती.

"पप्पा, आलात! पेनल्टी अडवलेली बघितलीत ना माझी?"

आता इथे माणसाने खरं बोलावं. पण तिचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "बघितली ना. म्हणजे काय!"

"कुठल्या बाजूला गेले मी?"

मी भूगोलाचा मास्तर. दिशा सांगायला घाबरलो नाही. "डावीकडे."

नाना खाकरले. बावीस वर्षांत या माणसाने माझी बाजू कधी घेतली नव्हती. आज घेतली. "यायच्या डावीकडं. हे पल्याड उभे होते ना."

मयूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "नाना, मागून तुम्हीच ओरडलात ना, पोरी, हलू नको म्हणून? मी हललेच नाही. बॉल सरळ पोटावर आला."

नाना ढोलाची दोरी घट्ट करायला लागले. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

"खरं किती बघितलं, पप्पा?"

"चार मिनिटं."

"त्या चार मिनिटांत तर बॉल माझ्याकडे आलाच नाही."

"नाही आला. पण मी बॉल बघतच नव्हतो." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तिने डावा मोजा दोनदा वर ओढला. हातमोजे एकमेकांवर आपटले. सगळ्या पोरी पुढे असताना ती एकटी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. उन्हाला आडवा हात धरून तिने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. ती कोणाला शोधत होती ते मला कळलं आणि मी हात हलवला, पण तिला दिसला नाही. मयू खाली बघून हातमोज्याची पट्टी उघडत होती आणि बंद करत होती.

"अजून?" ती म्हणाली.

"अजून ती पाच नंबरची पोरगी जागा सोडून पुढे गेली, तेव्हा तू तिला एक शिवी हासडलीस. कुंपणापर्यंत ऐकू आली."

"हाव, मीबी आयकली," नाना म्हणाले. "बाईच्या जातीले शोभते का ते? कोनापासून शिकली तू?"

मयूने हातमोजे काढून काखेत मारले. पुनमने मात्र शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

ती शिवी इथे लिहिता येणार नाही. पण जळगाव स्टेशनवर भोंग्यातून बाई 'असुविधेबद्दल खेद आहे' म्हणाल्या की मी दर वेळी दबक्या आवाजात तीच देतो, आणि मयू लहान असताना माझं बोट धरून शेजारीच उभी असायची.