खाडीकडे झुकणारी गाडी

घराची गच्ची कोणाची, याचा निकाल रविवारी लागायचा होता, आणि तो जेमतेम दीड किलो वजनाच्या एका खेळण्यातल्या गाडीवर अवलंबून होता. ‘खेळण्यातली’ हा शब्द कल्पिताचा. तिचा नवरा अल्पेश घरत त्या गाडीला टूरिंग कार म्हणायचा. हातातल्या रिमोटवर ती ताशी साठच्या वेगाने धावायची, तिला चार खऱ्या स्प्रिंगा होत्या, शॉकअपमध्ये खरं तेल होतं, आणि दोन वर्षांत एकदाही ती पाच मिनिटांची शर्यत न उलटता पूर्ण करू शकली नव्हती. डावीकडचं वळण आलं की ती निमूट आडवी व्हायची.

कल्पिता नववी-दहावीची विज्ञानाची शिकवणी घ्यायची. बावीस मुलं पुढच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसायची आणि त्यांच्या चपला रस्त्यापर्यंत जायच्या. गच्चीवर पत्रे घातले, चार बाक टाकले की काम होणार होतं. पण गच्चीवर अल्पेशने पाण्याच्या पाइपचे तुकडे मांडून ट्रॅक केला होता. बरीच वादावादी झाल्यावर तह असा झाला, की येत्या रविवारी गाडी न उलटता शर्यत संपवेल तर गच्ची अल्पेशची. एकदा जरी उलटली तर सोमवारी पत्रेवाला.

म्हणजे जिंकण्यासाठी कल्पिताला काहीच करायचं नव्हतं. फक्त रविवारपर्यंत गप्प बसायचं होतं. ती मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे हे सोपं जाईल असं तिला वाटलं. ते मंगळवार संध्याकाळपर्यंत टिकलं.

मंगळवारी ती गवार मोडत बसली होती आणि समोर जेवणाच्या टेबलावर अल्पेशने गाडी उघडली होती. त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मग शॉकअपमधलं तेल बदललं. मग चाकं वरून थोडी आत झुकवली, आणि तेवढ्यावर न थांबता टायरही दुसरे चढवले. आता बघ कशी पळते, असं तो गाडीलाच म्हणाला. कल्पिताने गवारीची एक शेंग मोडली, दुसरी मोडली, तिसरी तिच्या हातातच राहिली.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते,” ती म्हणाली.

“का?”

“चार एकदम बदलल्या आणि फरक पडला, तर तो कशाने पडला हे तुला कसं कळणार?”

अल्पेश कंटेनर यार्डात कोणत्या पेटीवर कोणती पेटी ठेवायची याचं नियोजन करायचा, त्यामुळे मुद्दा त्याला पटला. गप्प बसायला हवं होतं हे कल्पिताच्या लक्षात आलं तोवर तिने वही आणून तीन रकाने आखलेसुद्धा होते.

आधी वजन, असं ठरलं. डावी चाकं एका काट्यावर, उजवी दुसऱ्यावर. घरात एक काटा होता. दुसरा शेजारच्या नीराबाईंचा आणला. त्या सुकी मासळी विकायच्या, त्यामुळे काट्याबरोबर बोंबलांचा वासही टेबलावर आला. उजवीकडे सातशे पंधरा ग्रॅम भरले, डावीकडे सहाशे पंच्याऐंशी. अल्पेशला आनंद झाला. दोन वर्षांचा चोर सापडला म्हणत त्याने पाना उचलला.

“थांब,” कल्पिता म्हणाली. “गाडी फिरवून ठेव. तोंड इकडे, पाठ तिकडे.”

त्याने फिरवली. आता डावीकडे सातशे पंचेचाळीस आणि उजवीकडे सहाशे पंचावन्न.

मग साहजिकच काट्यांवर संशय आला. तेवढ्यात नीराबाई आपला काटा परत न्यायला दारात उभ्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला.

“माजा काटा बरोबर हाय. तुमचं घरच वाकडं हाय.”

कल्पिताला हे विधान तपासून पाहण्याजोगं वाटलं. काटे अदलून पाहिले, फरक पडेना. मग गाडी आणि दोन्ही काटे घेऊन तिघं घरभर फिरली. स्वयंपाकाचा ओटा, पुढच्या खोलीतली फरशी, कपाटाचा माथा, शिवणयंत्राची फळी. गाडी कशीही ठेवा, जड बाजू एकच, जिकडे खाडी तिकडची. कल्पिताने वहीत लिहिलं: ‘गाडी उजवीकडे झुकत नाही. खाडीकडे झुकते.’

त्याखाली तिने दोन रेघा मारल्या, कारण पुढचं तिला एकदमच दिसलं. अल्पेश गेली दोन वर्षं गाडी टेबलावर एकाच पद्धतीने ठेवायचा, नाक टीव्हीकडे. म्हणजे खाडीची बाजू नेहमी उजवी. ती दबलेली दिसायची म्हणून तो उजवीकडच्या स्प्रिंगा आवळत गेला होता. मुळात गाडी नीट होती. त्याने घराचा उतार थोडा थोडा करून तिच्यात भरला होता.

“म्हणजे ही गाडी फक्त आपल्या घरात सरळ उभी राहते?” अल्पेशने विचारलं.

“फक्त या टेबलावर. टीव्हीकडे तोंड करून.”

इथेही ती थांबू शकली असती. पण मग प्रयोग अर्धवट राहिला असता. सपाट जागा हवी, असं ती म्हणाली. अल्पेशने टेबलाच्या पायांखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालायला सुरुवात केली, आणि त्या खटपटीच्या आवाजाने आतून त्याची आई बाहेर आली.

येसूबाईंनी तीस वर्षं मिठागरात, त्यांच्या भाषेत आगरात, काम केलं होतं. मिठागराची जमीन पाणी सोडून, चिखल पायाने तुडवून सपाट करावी लागते. कुठे बोटभर खोलगट राहिलं तर तिथे पाणी साचून राहतं आणि मीठ धरत नाही. घर बांधताना पहिली लादी बसली त्या दिवशीच त्या अनवाणी चालून गवंड्याला म्हणाल्या होत्या, की उतार खाडीला जातोय. गवंड्याने त्यांना चहा दिला होता. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती आणि येसूबाई ती विसरल्या नव्हत्या.

“कागद काय घालतंस,” त्या मुलाला म्हणाल्या. “गच्चीवर चल.”

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सपाट जागा विकत मिळत नाही, करावी लागते. अल्पेशने सांगितलं, की आपल्याला फक्त एक लादी ठेवण्यापुरती हवी, हातभर.

“हातभर जागा सपाट व्हत न्हाय. सगलं आगर धरावं लागतं.”

कल्पिताने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, विचार केला, आणि बंद केलं. छोट्या जागेत पाणी कडेला चढतं, मोठ्या जागेत पातळी नेमकी कळते. सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं होतं.

बुधवारी अल्पेशने रजा टाकली आणि बंद पडलेल्या मिठागरातून टेम्पोभर चिकणमाती आणली. ट्रॅकचे पाइप उचलून गच्चीच्या कडेने वीतभर बांध घातला. आत चार बोटं माती पसरली, आणि पाणी सोडायची वेळ आली तेव्हा अल्पेशने टाकीचा नळ सोडला. येसूबाईंनी तो लगेच बंद केला. गोड्या पाण्याने चिखल सुटतो, खारंच पाणी हवं, असं त्यांनी बजावलं. अल्पेशने बायकोकडे पाहिलं. मिठामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, हे कल्पिताला सांगावं लागलं. मग खाडीचं पाणी पिंपांतून आलं.

दोन दिवस ती माणसं गच्चीवर चिखल तुडवत होती. येसूबाई पुढे, त्यांच्या मागे एका रांगेत अल्पेश, नीराबाई आणि शिकवणी नसेल तेव्हा साडी खोचलेली कल्पिता. पाय कुठे पडतो यावरून येसूबाई बोल लावत होत्या. मुलगा टाच रुतवतो, सून बोटांवर चालते, नीराबाई तुडवत नाहीत, नुसत्या फिरायला आल्यात. घर कललंय ही बातमी नीराबाईंकडून गल्लीत गेली होती, त्यामुळे लोक बघायला यायचे आणि खालूनच विचारायचे, की वर काय चाललंय. गाडीचा सेटप चाललाय, असं अल्पेश खरं ते सांगायचा. लोक मान डोलावून जायचे.

शुक्रवारी दुपारी येसूबाईंनी अर्धा अंगुळ पाणी सोडलं. ते चारी कोपऱ्यांना एकदमच पोचलं आणि थांबलं. कल्पिताने पट्टीने बारा ठिकाणी खोली मोजली. बाराही आकडे सारखे आले. तिने एवढी सपाट गोष्ट आयुष्यात पाहिली नव्हती. मधोमध विटांवर लादी बसवली, चारी कोपरे पाण्याला समांतर केले, तिच्यावर काटे, काट्यांवर गाडी. घरच्या उताराला जुळवलेली ती गाडी इथे भयंकर वाकडी निघाली.

त्यानंतरचे तीन तास कल्पिता गच्चीची मागणी साफ विसरली. एक स्प्रिंग अर्धा आटा सैल, मोजणी, नोंद. दुसरी, मोजणी, नोंद. “पुढचं,” ती म्हणायची आणि पाण्यात अनवाणी उभा असलेला अल्पेश पाना फिरवायचा. शेवटी दोन्ही काटे सातशेवर आले. गाडी फिरवून ठेवली तरी सातशेच. कल्पिताने वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या.

अल्पेश पाणी सोडून द्यायला निघाला, तर आई म्हणाली, राहू दे सोमवारपर्यंत, उलट दोन पिंपं आणखी आण, उन्हाने माती तडकेल. शर्यतीच्या गडबडीत त्याने आणली.

रविवारी सकाळी न्हावा शेव्याजवळच्या एका रिकाम्या यार्डात सात गाड्या उभ्या राहिल्या. मुरुडचा अझहर दरवेळी जिंकायचा. तो भला माणूस होता. अल्पेशची गाडी उलटली की आपली गाडी क्षणभर थांबवून तिला सरळ करायला धावायचा, आणि आजही सवयीने रिमोट घेऊन डाव्या वळणापाशीच उभा होता. पहिली फेरी सुरू झाली. उलटली तर सोमवारी पत्रे येतील, हे कल्पिताने मनाशी स्पष्ट म्हटलं. गाडी वळणावर किंचित लवली आणि सरळ निघून गेली. दुसऱ्या फेरीलाही गेली. चौथ्या फेरीला कल्पिताच्या लक्षात आलं, की ती मुठी आवळून “अर्धा आटा, बरोबर अर्धाच आटा” असं पुटपुटते आहे.

पाच मिनिटं संपली. गाडी सातांत सहावी आली, चारही चाकांवर. अल्पेश नुसता हसत होता. अझहर पहिला आला होता, पण तो पहिल्यांदा त्यांच्याकडेच आला.

“भाभी, माशाल्ला. सेटप कुठे केलात?”

“मिठागरात,” कल्पिता म्हणाली. तो थट्टा समजून हसला.

परत येताना मोटरसायकलवर अल्पेश समजूतदारपणे म्हणाला, की अर्धी गच्ची तुझी, तूच तर गाडी नीट केलीस. कल्पिता म्हणाली, हरले ते हरले, उपकार नकोत. पण अर्धीत किती बाक बसतील याचा हिशेब तिने मनात केला होता. जिन्याची शेवटची पायरी चढेपर्यंत दोघांचं वाटपही ठरलं होतं. पूर्वेची बाजू शिकवणीला, पश्चिमेची ट्रॅकला.

गच्ची पांढरी झाली होती. बांधापासून बांधापर्यंत दुधावरच्या सायीसारखा मिठाचा थर धरला होता, आणि एप्रिलच्या उन्हात त्यावर डोळा ठरत नव्हता. येसूबाई लाकडी फावड्याने तो हलक्या हाताने एका बाजूला ओढत होत्या. नीराबाईंनी तीन टोपल्या आणून ठेवल्या होत्या आणि एक भरली होती. सुक्या मासळीला हेच मीठ लागतं, बाजारचं कडू लागतं, असं त्या सांगू लागल्या.

“आई,” अल्पेश म्हणाला, “गच्ची...”

“उद्या दुसरं पाणी सोडायचं हाय,” येसूबाई मान वर न करता म्हणाल्या. “पाऊस लागेपर्यंत पाच-सात वेला निघंल. मिठागर बंद झालं तवापासून माज्या पायाला असली जमीन लागली न्हवती.”

कल्पिता वाकून बांधाच्या कडेने चारी कोपरे पाहून आली. थर कुठे जाड नव्हता, कुठे विरळ नव्हता. पाण्याचा एक थेंबही कुठे साचून राहिला नव्हता.

“सगळीकडे सारखं आहे,” तिने अल्पेशला हळूच सांगितलं.

“म्हणजे लेव्हल बरोबर होती,” तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

“तिथं काय उभी राह्यलीत, बाय,” येसूबाई म्हणाल्या. “या दोघं. टाच न्हाय, सपाट पाय.”

दोघांनी चपला जिन्यात काढल्या.