आगरचा हिरवा दिवा

आमच्या ऑफिसातले हरेश तांडेल समोर उभ्या असलेल्या माणसाला फोन करतात. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांच्याकडे कपाटाची किल्ली मागितली. "एक मिनिट, साहेब," म्हणून त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजला. मी उचलला. "साहेब, तुम्ही आत्ता कपाटाची किल्ली मागितलीत का?" दोन हातांच्या अंतरावर उभा राहून मी फोनमध्ये हो म्हणालो. मग किल्ली मिळाली. "दोन्हीकडून पटलं पाहिजे," एवढंच ते वर म्हणाले.

ऑफिस म्हणजे डहाणूतली चिकू बागायतदारांची सोसायटी आणि मी तिचा व्यवस्थापक. तांडेल कागदोपत्री कारकून. घराणं जवळच्या आगर गावचं, मच्छीमारांचं, पण होडीत पाय ठेवला की यांना मळमळतं, म्हणून ते ऑफिसात आले असं ते स्वतःच सांगतात. खरं काम म्हणाल तर आमचं कॉपियर मशीन सांभाळणं. ते कधी घेतलं हे कोणालाच आठवत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तांडेल त्यालाही बंद करून विश्रांती देतात. खाऱ्या हवेने कागद दमट होतो म्हणून कागदाचं पुडकं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. झाकण दुसऱ्या कोणी उघडलं तर दिवसभर त्या माणसाशी बोलत नाहीत.

या मशीनवर आमचा धंदा अडतो. सकाळी गाडीचा माल नेण्याचा पास त्यात घातला की स्कॅन होऊन तलासरीच्या आमच्या केंद्रावर आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर मेल जातो. तो मिळेपर्यंत चिकूची गाडी चारोटीला नाक्यावर उभी. आणि चिकू काही आपल्यासाठी थांबत नाही, तो पिकत राहतो.

मध्यंतरी मेलच्या कंपनीने सुरक्षा वाढवली. आमच्या मशीनला जुन्याच पद्धतीने पासवर्ड सांगता यायचा, नवी पद्धत त्याच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. एका सकाळी मेल जाईनासे झाले. सगळ्यांनी मशीन भंगारात काढलं, तांडेल सोडून. ते म्हणाले, "म्हातारं झालंय, पण बोलतंय ना? मग मधे दुभाषा बसवू." त्यांनी कुठूनतरी एक डबीएवढा संगणक आणला. मशीनने आपला मेल जुन्या भाषेत या डबीला द्यायचा, डबीने तो नव्या सुरक्षेत गुंडाळून पुढे पाठवायचा. खरंच चाललं.

डबी मात्र त्यांनी ऑफिसात ठेवली नाही, आगरला स्वतःच्या घरी ठेवली. ऑफिसची वीज बेभरवशाची आहे, असं कारण दिलं. ऑफिसपासून घरापर्यंत इंटरनेटमधून मेलसाठी खाजगी बोगदा केलाय, कोणी मधे डोकावू शकणार नाही, असंही सांगितलं. आमच्या कॅशियर बारीबाईंनी हा बोगदा खाडीच्या खालून जातो का असं विचारलं होतं. तांडेलांनी त्यांना समजावण्यात एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी हो म्हणून टाकलं.

तेव्हापासून रोजचा एक कार्यक्रम सुरू झाला. सकाळी आल्याआल्या, जेवणाआधी आणि ऑफिस सुटताना तांडेल घरी फोन लावत. "आई, दिवा कुठला?" डबीवर दिवा होता. हिरवा असला तर ठीक, लाल असला तर बटण बंद करून चालू करायचं. पलीकडून उत्तर यायला बराच वेळ लागे, तोवर ते फोन कानाला लावून बसत. अख्ख्या सोसायटीची ई-मेल सुरक्षा आगरच्या एका म्हाताऱ्या बाईच्या हाती होती. एकदा तिने डबीचा प्लग काढून मिक्सर लावला आणि विसरली. गाडी चारोटीला अडकली, ड्रायव्हरने हॉटेलात बसून मला फोनवर काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी नव्या मशीनचा प्रस्ताव कमिटीपुढे ठेवला. तो मंजूरही झाला. नवं मशीन सरळ स्वतःच मेल पाठवतं, त्याला डबी लागत नाही. मला वाटलं तांडेल सुटकेचा निःश्वास टाकतील. पण हा माणूस हट्टालाच पेटला. जुन्यावर प्रती किती स्वच्छ येतात हे दाखवायला रोज माझ्या टेबलावर एक कागद ठेवू लागला. मी सांगितलं की गाडी पुन्हा अडकली तर बागायतदार मला जबाबदार धरतील. ते मान खाली घालून म्हणाले की गाडी अडकणार नाही, त्यांनी मिक्सरसाठी वेगळा बोर्ड बसवलाय. मी मनात म्हटलं, झालं, याला मशीनचं वेड लागलंय.

एक दिवस ते बँकेत गेले होते आणि मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता. तो वाजायला लागला. नाव 'आई'. थांबेना, तेव्हा मी उचलला.

"हिरवा हाय," पलीकडून आवाज आला. "मघाशी लाल होता, मी बंद करून चालू केला. उठलीच हाय तर भात पण टाकला."

मी सांगितलं की हरेश बाहेर गेलेत, मी व्यवस्थापक बोलतोय. तिचा आवाज एकदम बदलला, पदर सावरल्यासारखा.

"साहेब, नवीन मशीन येणार म्हणतात. मंग माझं काम बंद काय?"

मी विचारलं, कसलं काम. तेव्हा तिने सांगितलं. जन्मभर ती डहाणूच्या बाजारात मासळी विकत होती. नवरा गेला आणि ती खाटेला चिकटली. जेवण बंद, बोलणं बंद. मुलगा ऑफिसला गेला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "शेजारणी आल्या, डॉक्टर आला, मी कोणाचा ऐकला नाय. मंग हरेश म्हणाला, आई, ऑफिसचा काम हाय, तू बघितला नाय तर गाडी अडते. लोकांचा माल कुजवायचा काय, साहेब? म्हणून उठली."

बघतो, असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला. ऑफिसच्या विजेपेक्षा आगरची वीज कितीतरी जास्त वेळा जाते, हे मला तेव्हा कुठे आठवलं. तांडेलांना ते पहिल्यापासून माहीत असणार. मला माझीच लाज वाटली.

नवं मशीन ठरल्याप्रमाणे आलं. बसवायला आलेल्या माणसाने मेलची जोडणी सरळ करायला घेतली. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, आमचा मेल आगरवरून जातो, तसाच जाऊ दे. तो म्हणाला, याला त्याची काही गरज नाही. मी म्हटलं, आमच्या सोसायटीचा सुरक्षेचा नियम आहे. आणि दिवा लाल झाला तर तेवढ्यापुरता मेल सरळ जाईल अशी सोय त्याच्याकडून करून घेतली, म्हणजे गाडीचीही चिंता नको. तांडेल बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आगरचा पत्ता मशीनमध्ये भरायला बसले.

काम झाल्यावर त्यांनी घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आई," मी म्हटलं, "आजपासून नव्या मशीनचं कामही तुमच्याकडेच."

तिने विचारलं, "गाडी निघाली काय?"

"निघायची आहे. पास आत्ताच पाठवलाय."

"मंग बोलत काय बसलात," ती म्हणाली. "थांबा, बघून येते."

फोन तिने तसाच खाली ठेवला. मी स्पीकर लावला. खाट करकरली, काकणं वाजली आणि पाय ओढत चालल्याचा आवाज हळूहळू लांब गेला. तांडेल टेबलावर वाकून ऐकत होते.

"उठली," ते म्हणाले.